वाचकांचे प्रश्न : लीड्समधलं हेडिंग्ली

प्रश्न : 1952 च्या हेडिंग्ली कसोटीत भारताची 4 बाद 0 अशी अवस्था झाली होती, हे वडिलांकडून अनेकदा ऐकलं आहे. मुलगा आता लीड्सला शिकतो. तो म्हणतो, मैदान घरांना अगदी खेटून आहे. भर वस्तीत एवढं मैदान कसं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तो धावफलक. दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे चौघे शून्यावर गेले. तिघांना काढलं पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमननं, गायकवाडांना अ‍ॅलेक बेडसरनं. पण त्याच सामन्याच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी 133 धावा केल्या होत्या आणि तुमच्या सांगलीच्या विजय हजारेंबरोबर 222 धावांची भागीदारी रचली होती, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या डावातही हजारे (56) आणि दत्तू फडकर (64) टिकले, म्हणून 165 तरी झाल्या. याच मैदानावर 1986 मध्ये दिलीप वेंगसरकरांनी 61 आणि नाबाद 102 केल्या आणि भारत 279 धावांनी जिंकला.

आता जमिनीचं. हेडिंग्लीची बरीचशी जमीन मुळात शेजारच्या कर्कस्टॉल मठाची. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी एअर नदीकाठी 1152 मध्ये हा मठ वसवला. आठव्या हेन्रीनं देशभरातले मठ मोडीत काढले, तेव्हा 22 नोव्हेंबर 1539 रोजी तोही सरकारजमा झाला. पुढे बऱ्याच हातांतून फिरून ही मालमत्ता ब्रूडनेल घराण्याकडे, म्हणजे कार्डिगनच्या अर्लांकडे आली. कार्डिगन रोड, ब्रूडनेल रोड ही नावं त्यांचीच. 1888 मध्ये या इस्टेटीचे तुकडे पाडून विक्री झाली. त्यातला 17अ क्रमांकाचा तुकडा यॉर्कशर संघाचे कर्णधार लॉर्ड हॉक यांच्या पुढाकारानं खेळप्रेमी मंडळींनी घेतला. 1890 मध्ये तिथे खेळ सुरू झाला, 1899 मध्ये पहिली कसोटी झाली. आजूबाजूला लाल विटांच्या घरांच्या रांगा उठत गेल्या. म्हणजे मैदान वस्तीत घुसलेलं नाही. दोन्ही एकाच इस्टेटीतून, साधारण एकाच काळात उभे राहिले.

जमीन घेणाऱ्या मंडळींची कंपनी दोन्ही खेळांसाठी एकच होती, म्हणून क्रिकेट आणि रग्बीची मैदानं पाठीला पाठ लावून आहेत. मधला स्टँड दोघांचा सामाईक : एका बाजूनं क्रिकेट दिसतं, दुसरीकडून रग्बी. जुना स्टँड 1932 मध्ये जळाला, आत्ताचा 2019 चा. रग्बी लीगच्या चॅलेंज कपाचा पहिला अंतिम सामना 1897 मध्ये इथेच झाला. बॅटलीनं सेंट हेलन्सला 10-3 असं हरवलं. मुलाला तिकीट काढायचं असेल तर आपण कुठल्या मैदानाच्या बाजूला बसणार, हे आधी पाहायला सांगा.

प्रश्न : कार्डिगन रोडवर किल्ल्यासारखी बुरुजांची एक भिंत आहे. मागे काहीच दिसत नाही. कशाची?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : अस्वलाच्या खड्ड्याची. 1840 मध्ये इथे प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान सुरू झालं होतं, त्याचं हे उरलेलं बांधकाम आहे. भिंतीमागे दगडी गोलाकार खड्डा आहे, त्यात अस्वल ठेवत. दोन्ही बुरुजांत गोल जिने आहेत. लोक वर चढून खाली वाकून अस्वल बघत. उद्यान दोन दशकंही टिकलं नाही. दगड जवळून पाहा : भरड, रवाळ आणि धुरानं काळवंडलेला. मठाचा दगडही याच जातीचा.

प्रश्न : मुलीनं लीड्स विद्यापीठाजवळ भाड्यानं घर घेतलं आहे. जाहिरातीत ‘बॅक-टू-बॅक’ लिहिलं होतं. घरात ओल धरते. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या घरांना पुढे दार आहे, मागे नाही. मागची भिंत म्हणजेच मागच्या रस्त्यावरच्या घराची मागची भिंत. रांगेच्या मधल्या घराच्या तीन बाजू शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खिडक्या फक्त रस्त्याकडे. ओळखायला सोपं : पूर्ण रांगेला वळसा घाला, दोन्ही बाजूंना पुढचीच दारं दिसली आणि मागची बोळ नसली तर तेच. 1909 च्या कायद्यानं अशी नवी घरं बंद केली, पण आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे लीड्समध्ये ती 1937 पर्यंत बांधली गेली. परसदार नसल्यामुळे कपड्यांच्या दोऱ्या रस्त्यावरून आडव्या बांधायची रीत पडली. लीड्सच्या हाइड पार्क आणि हेअरहिल्स भागांत अशी अजून हजारो घरं आहेत. माणसं त्यांना नावं ठेवतात, पण भक्कम बांधणीची आहेत.

ओलीचं कारण हेच. हवा आरपार जात नाही आणि बाहेरची एकमेव भिंत बहुधा पोकळीशिवायची, सलग विटांची असते. ती थंड पडली की घरातली वाफ तिच्यावर साचते. कपाट त्या भिंतीला चिकटवू नये, पाचएक सेंटीमीटर जागा सोडावी. डाळ-भात झाकण ठेवून शिजवावा, पंखा नसेल तर खिडकी थोडी उघडी ठेवून. सकाळी दहा-पंधरा मिनिटं खालची आणि वरची खिडकी एकदम उघडावी. जिन्यातून हवा चढते. हीटर रात्री तासभर जोरात लावण्यापेक्षा मंद आणि बराच वेळ चालू राहू द्यावा. कपडे खोलीत वाळवू नयेत. एवढं करूनही डाग वरून खाली उतरताना दिसला, तर ती वाफ नव्हे, पन्हळ गळते आहे. फोटोसह घरमालकाला लेखी कळवावं.

प्रश्न : एका दिवसात हे सगळं पायी पाहता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आरामात. लीड्सहून हॅरोगेटच्या गाडीनं बर्ली पार्कला उतरा. हेडिंग्ली नावाचं स्टेशन पुढचं, पण ते बाजारपेठेपासून लांब कर्कस्टॉल लेनवर आहे. नाव पाहून उतरणारे तिथेच चुकतात. बर्ली पार्कहून कार्डिगन रोडनं वर चाललात की अस्वलाचा खड्डा, मग मैदान. तिथून ऑटली रोडला सेंट मायकेल चर्च आणि समोर दोन पब : स्कायरॅक आणि ओरिजिनल ओक. दोघांची नावं इथल्या जुन्या ओक झाडाशी जोडलेली. ते 1941 मध्ये पडलं. शनिवारी दुपारी इथे चित्रविचित्र वेष करून एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये फिरणाऱ्यांची झुंबड असते, मुलं बरोबर असतील तर सकाळीच उरका. मग कर्कस्टॉल लेननं उतार उतरून मठाकडे. उतार आहे म्हणून हाच क्रम ठेवा. मठाच्या मधल्या दालनात उभे राहिलात तर लक्षात घ्या, 1827 पर्यंत सार्वजनिक रस्ता तिथून, थेट चर्चमधून जात होता. मनोऱ्याचा मोठा भाग 1779 मध्ये कोसळला. परतीला मठासमोरच्या रस्त्यावरून लीड्सची बस मिळते.