स्ट्रेप थ्रोटचे औषध सुरू झाल्यावर मुलीने शाळेत आणि वडिलांनी कामावर कधी जावे?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी स्ट्रेप थ्रोट (जिवाणूमुळे होणारा घशाचा संसर्ग) असल्याचे सांगून काल संध्याकाळी अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातील प्रतिजैविक सुरू केले, आज दुपारपासून तिला ताप नाही आणि उद्या सकाळी तिची घटक चाचणी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. शिवाय तुम्ही यंत्रमागावर काम करता, तुमचाही घसा कालपासून दुखतो आहे आणि खाडा पडला तर त्या दिवसाची मजुरी जाते, हेही तुम्ही सांगितले आहे. मी सोलापुरातच जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे ही दोन्ही काळज्या माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

मुलीबद्दल आधी सांगते. उद्या सकाळी तिचा ताप उतरलेलाच असेल, तिला पाणी आणि मऊ अन्न गिळता येत असेल आणि ती नेहमीसारखी हिंडत-फिरत असेल, तर तिला शाळेत पाठवण्यास हरकत नाही. हा आजार ज्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे होतो, तो योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर घशातून इतक्या वेगाने कमी होतो की साधारण १२ ते २४ तासांनंतर मुलापासून इतरांना लागण होण्याची शक्यता फारच थोडी उरते. मी स्वतः पूर्ण २४ तास थांबायला सांगते, कारण आपल्याकडील वर्गांत एका बाकावर तीन-तीन मुले बसतात आणि मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली सर्रास एकमेकांच्या तोंडाला लागते. तुमच्या मुलीचे २४ तास उद्या शाळा भरण्याआधीच पूर्ण झालेले असतील.

मात्र ताप उतरला म्हणजे पॅरासिटामॉल न देता उतरलेला असला पाहिजे. सकाळी त्याचा डोस पाजून, अंग गार लागते म्हणून मुलाला शाळेत पाठवले जाते आणि औषधाचा चार-सहा तासांचा अंमल संपला की ते मूल वर्गात पुन्हा तापाने फणफणते, हे मी नेहमी पाहते. म्हणून आज रात्री झोपण्यापूर्वी आणि उद्या उठल्यावर थर्मामीटर लावून पाहा. पुन्हा ताप आलाच तर चाचणी बुडू द्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर शाळा ती नंतर घेऊ शकते.

आता तुमच्याविषयी. मोठ्या माणसांचा दुखणारा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि त्यावर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. खोकला, नाक वाहणे, आवाज बसणे ही लक्षणे असतील तर स्ट्रेपची शक्यता आणखी कमी होते. परंतु खोकला नसताना अचानक ताप भरणे, गिळताना तीव्र वेदना होणे, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखणे आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसणे, अशी लक्षणे घरात स्ट्रेपचा रुग्ण असताना दिसली, तर तुम्ही तपासून घेतलेच पाहिजे. निदान झाल्यास मुलीला लागू असलेला नियम तुम्हालाही लागू होतो: औषध सुरू झाल्यावर २४ तास आणि तापमुक्त झाल्यावरच पाळीवर जाणे. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाजवळ न्यावे लागते, आणि हा जिवाणू अशाच जवळून उडणाऱ्या तुषारांतून पसरतो, म्हणून तो एक खाडा सोसावा असे मी मनापासून सांगते. मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांचे पाकीट आणून काम भागवू नका. स्ट्रेपसाठी ते औषध मुख्यतः पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना देतात, तेही साधारण पाच दिवस, आणि त्याला दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस आढळतात. पेनिसिलिनला दाद न देणारा हा जिवाणू मात्र रुग्णांमध्ये आजवर आढळलेला नाही. घरातील ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांनी तपासणी करण्याची किंवा औषध घेण्याची सहसा गरज नसते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट सांगते. शाळेत जाण्याइतके बरे वाटणे आणि उपचार पूर्ण होणे यांत बरेच अंतर आहे. अमॉक्सिसिलिनचा कोर्स १० दिवसांचा असतो आणि बहुतेक घरांत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतो. यात हलगर्जीपणापेक्षा बाटलीच्या आकाराचा वाटा मोठा असतो. दिवसातून दोनदा १० मिली औषध सांगितले असेल तर ६० मिलीची बाटली तीन दिवसांत रिकामी होते, मूल तोवर खेळू लागलेले असते आणि बाटली संपली म्हणजे औषध संपले असा समज होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किती दिवस लिहिले आहेत ते आजच पाहा, त्या हिशेबाने बाटल्या आणा आणि पावडरमध्ये पाणी मिसळल्यानंतर औषध किती दिवस वापरता येते, ते प्रत्येक बाटलीवर वाचा.

हा आग्रह हृदयासाठी आहे. स्ट्रेपच्या संसर्गाचा पुरता बंदोबस्त झाला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो, ज्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा धरतो, आणि घरच्यांना वाटते की खेळताना लागले असेल. सांधे पुढे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहू शकते. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. दंडाला धरून आणलेली ती मुले पाहिली आहेत, म्हणूनच इतके सविस्तर लिहिते आहे. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झाले आणि ते पूर्ण घेतले, तर हा धोका टाळता येतो. तुमच्या मुलीचे औषध वेळेत सुरू झाले आहे.

घरी तिचे फुलपात्र आणि चमचा काही दिवस वेगळा ठेवा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात साठवावे लागते, तेव्हा तोंडाला लावलेले भांडे त्यात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या. उद्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नको. दहीभात किंवा मऊ खिचडी द्या.

औषध सुरू होऊन ४८ तास झाले तरी घशाला उतार पडला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. तिला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तोंड उघडेना किंवा लाळही गिळता येईना, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा. पुढील तीन-चार आठवड्यांत सांधे दुखले, धाप लागली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर ‘महिन्यापूर्वी स्ट्रेप थ्रोट झाला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि आजची चिठ्ठी तोवर जपून ठेवा.