पणजोबा घर सोडून गेले की हाकलले?

प्रश्न : आम्ही चुलत-मावस भावंडांनी घराण्याच्या जुन्या गोष्टी टाकायला एक ऑनलाइन ग्रुप केलाय. मी आजीकडून ऐकलेली पणजोबांची गोष्ट लिहिली, की ते भावाशी भांडून घर सोडून गेले आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहिले. तर दुसऱ्या शाखेतली एक आत्या म्हणते, सोडून कसले जातायत, कर्ज करून ठेवलं म्हणून हाकलले त्यांना! आता काका म्हणतात दोन्ही डिलीट कर, घराची अब्रू जाते. काय करू?

उत्तर : डिलीट अजिबात करू नका. दोन्ही ठेवा, फक्त प्रत्येकीखाली कुणी सांगितली, त्यांनी कुणाकडून ऐकली आणि तुम्ही कधी लिहून घेतली एवढं टाका. हे नसलं ना की कुणीतरी दोन्हींची खिचडी करून तिसरीच गोष्ट फॉरवर्ड करतं आणि मग तीच खरी ठरते.

भाऊ भांडले की दोन शाखांकडे दोन गोष्टी उरतात आणि प्रत्येकीत आपला माणूस बरा दिसतो, यात मुद्दाम खोटं कुणी बोलत नसतं, जे आवडीनं ऐकलं तेच पुढे सांगितलं जातं. आणि इथे तर दोन्ही खरं असू शकतं की, भांडण कर्जावरूनच झालं असेल! जुनी पत्रं, जमिनीचे किंवा कोर्टाचे कागद असतील तर बघा, पण कागदालाही डोक्यावर बसवू नका, त्यातलं वय बऱ्याचदा कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं असतं.

तोंडी गोष्टींत सगळ्यात आधी बिघडतात सालं आणि पिढ्या. आजोबा-नातू एकाच नावाचे असले तर दोघांचा मिळून एकच माणूस होतो आणि मधला बिचारा गायब. म्हणून वयांचा हिशोब करत जा, बाप मुलापेक्षा आठच वर्षांनी मोठा निघाला तर मध्ये कुणीतरी गळलंय.

आजी आहेत ना अजून? मग त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. ‘कोणत्या साली’ असं विचारलंत तर त्या गप्प बसतील, ‘तेव्हा तू केवढी होतीस, धाकटा जन्मला होता का’ असं विचारा, आणि मधे मधे दुरुस्त करायला जाऊ नका.

काकांचं एका बाबतीत ऐका. पणजोबांना आता काही फरक पडत नाही, पण त्यांचं एखादं मूल हयात असेल तर कर्जाची गोष्ट टाकण्याआधी त्यांना विचारा, नको म्हणाले तर लिहून घरात ठेवा.

प्रश्न : ग्रुपमधले एकजण म्हणतात, आपण तीस पिढ्यांमागच्या एका राजाचे थेट वंशज. खरं असेल?

उत्तर : असेलही, पण त्यात कॉलर ताठ करण्यासारखं काही नाही. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात, दहा पिढ्या मागे १,०२४ आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटींच्या वर, आणि तेव्हा तर अख्ख्या जगात एवढी माणसंच नव्हती. म्हणजे तेच तेच पूर्वज वंशावळीत पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या राजाचे वंशज तुमच्यासारखे आणखी ढीगभर निघतील. नावानिशी तीसही कड्या दाखवा म्हणावं, बहुतेक सातव्या-आठव्यालाच गाडी अडते.

प्रश्न : सगळ्यांच्या जन्मतारखा आणि फोटो टाकले तर चालतील का?

उत्तर : हयात माणसांच्या नको. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख हे पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे प्रश्न आहेत हो! फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरच्या सामाईक वंशवृक्षातसुद्धा हयात व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही. आणि २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए कंपनीची साधारण १४,००० खाती चोरांनी जुन्या, दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डनं उघडली, पण नातेवाईक शोधायच्या सोयीमुळे माहिती गेली जवळजवळ ६९ लाख लोकांची.

गेलेल्या माणसांचं खुशाल टाका, पण वंशवृक्षाची एक कॉपी स्वतःकडेही डाउनलोड करून ठेवा, साइट बंद पडली तर सगळंच गेलं. त्यासाठी गेडकॉम नावाचा फाइल फॉरमॅट १९८४ पासून चालत आलाय, बहुतेक वंशावळीची सॉफ्टवेअर्स तो वाचतात. साध्या गेडकॉम फाइलमध्ये फोटो मात्र येत नाहीत, ते वेगळे सेव्ह करा आणि फाइलच्या नावातच कोण कुठे उभं आहे ते लिहून टाका.