ठिगळ कुजतं ते मागून: गाडीच्या पत्र्याविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यानंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंगला येणाऱ्या गाड्या वाढतात, तसे पत्र्याविषयीचे प्रश्नही. यावेळी निवडलेले प्रश्न पत्रा कोणता घ्यावा, तो कसा लावावा आणि गंजापासून कसा वाचवावा, याविषयी आहेत.

प्रश्न: ओम्नीच्या दाराचा खालचा काठ आणि पायाखालचा फ्लोअर कुजलाय. एक मिस्त्री म्हणतात १८ गेज टाका, जाड असला की टिकतो. दुसरे २२ गेज सांगतात. कुणाचं ऐकावं? (कळंबा)

आधी मोजा, मग ऐका. गंज न लागलेल्या जागी दोन्ही बाजूंचा रंग आणि लांबी (पुटी) खरवडून मायक्रोमीटर लावा. रंगासकट मोजलं तर जाडी फसवी येते. लहान गाड्यांच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण ०.६५ ते ०.८ मिमी असते, फ्लोअरची ०.७ ते १ मिमी. जुन्या जीपचा पत्रा याहून जाड असतो. ठिगळ मूळ पत्र्याइतकंच जाड घ्यायचं, फार तर ०.१ मिमी इकडेतिकडे.

१८ गेज म्हणजे १.२२ मिमी. तो ०.७ मिमीच्या दाराला जोडायला गेलात तर जाड बाजू वितळायच्या आत पातळ बाजूला भोक पडतं. करंट कमी केला तर टाका जाड पत्र्यावर नुसता चिकटून बसतो, आत शिरत नाही. शिवाय जाड तुकड्याचा काठ रंगाखालूनही दिसतो. आणि जाडीने गंज थांबत नाही, फक्त आरपार यायला थोडा जास्त वेळ लागतो. दार बाहेरून धुतल्यामुळे कुजत नाही. काचेच्या पट्टीतून आत गेलेलं पाणी खालच्या घडीत साचतं, म्हणून कुजतं. नवा पत्राही त्याच बाजूने जाणार आहे.

दुकानात गेज सांगू नका, मिलीमीटर सांगा. २२ गेज एका कोष्टकात ०.७१ मिमी, दुसऱ्यात ०.७६, आणि गॅल्व्हनाइज्डच्या वेगळ्या कोष्टकात ०.८५. मायक्रोमीटर नसेल तर ३० बाय ३० सेंमीचा तुकडा वजनकाट्यावर ठेवा: ०.८ मिमीचा साधारण ५६५ ग्रॅम भरतो, ०.९ चा ६३५.

पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेलाच घ्या. काळ्या एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्यावरची खपली काढण्यातच दिवस जातो आणि इतक्या कमी जाडीत तो सहसा मिळतही नाही. सीआरमध्ये आयएस ५१३ या भारतीय मानकाप्रमाणे वेगवेगळे ग्रेड आहेत. बाजारात जुनी नावं अजून चालतात: डी, डीडी, ईडीडी. सपाट फ्लोअरला सीआर१ किंवा सीआर२ पुरतो. मडगार्डच्या कमानीसारखा दोन्ही दिशांनी गोल भाग ठोकून काढायचा असेल तर सीआर४ (ईडीडी) मागा. साध्या पत्र्यावर हातोडी जास्त चालवावी लागते आणि काठ फाटतो.

प्रश्न: मग जीआय (जस्त चढवलेला) पत्राच का लावू नये? गंजच लागणार नाही. फक्त वेल्डिंगवाले म्हणतात ताप येतो, दूध पिऊन काम करावं लागतं. (इचलकरंजी)

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही जस्त चढवलेला पत्रा वापरतात, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. अडचण वेल्डिंगची आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळतं साधारण १५०० ला. म्हणजे टाका बसायच्या आतच त्याच्या आजूबाजूचं जस्त धूर होऊन उडालेलं असतं. जिथे हात पोचत नाही त्या मागच्या बाजूला, नेमकं सांध्यावर, पत्रा उघडा पडतो. वर जस्ताच्या वाफेने टाक्यात बुडबुडे राहतात.

ताप खरा आहे. धूर ओढल्यावर काही तासांनी थंडी वाजते, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. दुधाने फुप्फुसात गेलेलं जस्त बाहेर येत नाही, ही नुसती समजूत. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं २०-२५ मिमी पट्ट्यातलं जस्त ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून आधी काढा (ती धूळही मास्क लावूनच), उघड्यावर काम करा, तोंडाला रुमाल नको, धातूच्या धुरासाठीचा मास्क लावा. दम लागला किंवा छाती भरून आली तर दवाखाना गाठा.

आमचं मत असं: मागे हात पोचणाऱ्या फ्लोअरला जीआय चालेल. बंद पोकळीला साधा सीआर आणि आतून नीट संरक्षण जास्त खात्रीचं. जीआयवर साधा रेडऑक्साइड मारू नका. त्यातल्या तेलकट रेझिनची जस्ताशी प्रक्रिया होते आणि काही महिन्यांत थर सालीसारखा सुटतो. एचिंग प्रायमर (ॲसिडमुळे धातूला पकड घेणारा) किंवा इपॉक्सीच लागतो.

प्रश्न: जुन्या बॅरलचा किंवा शेडच्या उरलेल्या निळ्या पत्र्याचा उपयोग होईल का? (कागल)

शेडचा पत्रा नको. रंगीत छपराचा पत्रा बहुतेक वेळा कडक, जास्त ताणशक्तीचा असतो. वाकवला की परत उसळतो, ठोकून आकार घेत नाही. त्यावरचा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर वेल्डिंग बिघडवतो.

२०० लिटरच्या बॅरलचा पत्रा लोखंड म्हणून वाईट नसतो, पण तो कापताना जीव जाऊ शकतो. रिकाम्या बॅरलच्या सांध्यात आणि घडीत द्रव राहतो, त्याची वाफ आत भरलेली असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. एकदा धुतलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. आत आधी काय होतं हेही आपल्याला ठाऊक नसतं. त्यापेक्षा प्रेसकाम करणाऱ्या कारखान्यांतून निघणारे सीआरचे कटपीस भंगारवाल्याकडे किलोवर शोधा. घेताना एक कोपरा पूर्ण दुमडून हातोडीने चपटा करा. घडीवर चीर पडली किंवा पत्रा स्प्रिंगसारखा उघडला तर परत ठेवा.

प्रश्न: भोक दोन इंचांचं आहे. किती कापायचं, आणि ठिगळ वरून चढवायचं की काठाला काठ? (फुलेवाडी)

दोन इंचांचं भोक बाहेरून दिसतं, आत कूज त्याच्या दुप्पटही असू शकते. रंग फुगलेला सगळा भाग वायर ब्रशने उघडा करा आणि स्क्रूड्रायव्हरने टोचत बाहेर जा. टोक रुतायचं थांबलं की तिथून आणखी २० मिमी पुढे कापा. पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा आणि पातळ झालेला असेल तर तो वेल्डिंग घेत नाही, टाका मारताच नवं भोक पडतं. आणखी मागे जा.

आधी पुठ्ठ्याचा साचा करा, तो गाडीवर बसवून पाहा, मग पत्र्यावर उतरवा. खुणा सुईने ओढा. मार्करची शाई रंगातून वर येते. कोपरे १० ते १५ मिमी त्रिज्येने गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यात उष्णता आणि ताण दोन्ही साठतात. कात्रीने कापलेला काठ वळलेला असतो, तो डॉलीवर (हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) ठोकून सपाट करून घ्या. नाहीतर सांधा कधीच जुळणार नाही. आधी ठिगळ बनवा आणि ते गाडीवर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारून भोक कापा. उलट क्रमाने केलं तर हमखास फट मोठी होते.

दिसणाऱ्या बाहेरच्या भागाला काठाला काठ, मध्ये वायरच्या जाडीइतकी, ०.८ मिमीच्या आसपास फट. चढवलेल्या सांध्यात दोन पत्र्यांमध्ये पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि तिथे रंग पोचत नाही, म्हणून तो फक्त फ्लोअरसारख्या, दोन्हीकडून सील करता येणाऱ्या जागी. तिथे दोन्ही अंगांना वेल्ड-थ्रू (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) जस्त प्रायमर मारून, वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा आणि नंतर दोन्ही बाजूंनी सीम सीलर (सांधा बंद करणारी पेस्ट) लावा.

मिग वेल्डिंगला (ज्यात वायर आपोआप पुढे सरकते) ०.८ मिमीची वायर, ४० ते ५० अँपियर, आणि जमेल तिथे आर्गॉन मिसळलेला गॅस. नुसत्या सीओटूवर पातळ पत्र्याला भोकं आणि ठिणग्या जास्त. लांब वेल्ड ओढू नका. आधी चार बाजूंना टाके, मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, समोरासमोरच्या बाजू बदलत. हात ठेवता येईल इतकं निवल्यावरच पुढचा. घाई केली की पत्रा फुगतो आणि दाबलं की टक्‌ टक्‌ वाजतो. फट रुंद झालीच तर मागे तांब्याची पट्टी धरा; वेल्ड तिला चिकटत नाही आणि जास्तीची उष्णता ती घेते.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, कार्पेट आणि आतला फोम बाजूला करा, काचा झाका. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की डाग जात नाही.

प्रश्न: नवा पत्रा आणला, दोन दिवसांत त्यावर लाल झाक आली. रस्ट कन्व्हर्टर मारून रंगवलं तर चालेल का? (गगनबावडा)

तुमच्याकडच्या पावसात दोन दिवसही फार झाले. सीआर पत्र्यावर कारखान्यातलं पातळ तेल असतं तोवर तो टिकतो. तेल पुसलं की त्याच दिवशी प्रायमर, असा नियम धरा.

नव्या पत्र्यावरची नुसती झाक ८० ते १२० नंबरच्या पेपरने निघते, त्याला कन्व्हर्टर नको. ते कामी येतं जुन्या, शाबूत पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड गंजाचं फॉस्फेट करतं, पण खपलीच्या आत पोचत नाही, म्हणून खपली आधी काढावीच लागते. उरलेलं ॲसिड डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन लगेच कोरडं करा. ॲसिडवर इपॉक्सी मारला तर तो नीट वाळत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात.

क्रम असा. थिनरने किंवा डीग्रीझरने एका फडक्याने ओलं पुसा, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. एकच फडकं वापरलं तर तेल फक्त पसरतं. मग पेपर मारा, परत पुसा. तपासायला पाणी शिंपडा: सलग पसरलं तर साफ, थेंब-थेंब झालं तर तेल बाकी आहे. वेल्डिंगच्या आधी पुसताना क्लोरीन असलेला क्लीनर वापरू नका, आर्कच्या प्रकाशात त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

मग उघड्या लोखंडावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात, आणि लांबी त्याच्यावर. आपल्याकडे लांबी सर्रास थेट पत्र्यावर भरतात. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, आणि गाडी प्रायमरवर महिनाभर पावसात फिरली तर खाली गंज धरलेला असतो. थर २-३ मिमीच्या वर नको. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर काम थांबवा, किंवा शेड बंद करून हॅलोजन दिव्याने पत्रा कोमट करून घ्या.

प्रश्न: स्टेनलेसचं ठिगळ? (जयसिंगपूर)

ठिगळ टिकेल, त्याच्या शेजारचा पत्रा जाईल. ओल्या सांध्यात स्टेनलेसशेजारचं साधं लोखंड आधी झिजतं. तापल्यावर ३०४ स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा दीडपटीच्या आसपास पसरतं, म्हणून पत्रा वाकतोही जास्त. आणि वायरही ३०९ ची वेगळी लागते.

प्रश्न: २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती. आता दाराखालची सिल आतून कुजतेय. ठिगळ मारून वरून जळकं ऑइल सोडलं तर? (शिरोली)

आधी गाडी कोणती ते पाहा. नव्या गाड्यांत सिलच्या आतली पट्टी आणि मधला खांब अनेकदा अतिताणशक्तीच्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांचं बळ उतरतं आणि बाजूने धडक बसली की तोच भाग माणसाला वाचवत असतो. तिथे कंपनीचा तयार भाग, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून. साध्या सीआरचं ठिगळ फक्त बाहेरच्या पत्र्याला, तेही आतली पट्टी शाबूत असल्याची खात्री झाल्यावर.

पुराचा गाळ अजून आत असणार. सिलच्या तळाची पाणी निथळायची भोकं तारेने मोकळी करा, रबरी बूच काढून आत पाण्याचा पाइप लावा आणि गढूळ पाणी थांबेपर्यंत सोडा. मग हवा मारून चांगलं ऊन पडलेले दोन-तीन दिवस वाळवा. हे वेल्डिंगच्या आधी करायचं, कारण ओल्या गाळावर कुठलंच संरक्षण बसत नाही.

जळकं ऑइल नको. त्यात ॲसिड आणि धातूचा कीस असतो, रबर फुगतं, कातडीला वाईट, आणि पुढच्या वेळी प्रायमर धरत नाही. कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) घ्या. रंगकाम संपून वाळल्यावर, सगळ्या बाजूंना फवारणाऱ्या लांब नळीने, सिलच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नळी मागे ओढत मारा. खालच्या भोकांतून वॅक्स टपकायला लागलं म्हणजे आत सगळीकडे पोचलं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं परत तारेने मोकळी करा.