खांब कंपनीचा, ठराव ग्रामपंचायतीचा

प्रश्न : आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात मी एका इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी चालवतो. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन विजेच्या सहा खांबांवर वायरलेस रेडिओ (बिनतारी नेट पोचवणारी यंत्रं) बसवले, करंट स्ट्रीट लाइटच्या वायरवरून घेतला. वीज कंपनीच्या माणसांनी पंचनामा करून रेडिओ नेले. आता वीजचोरीचा गुन्हा दाखल करू म्हणतात. ठराव असताना चोरी कशी? 5 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना लायसन्सही लागत नाही.

उत्तर : ठरावाची नक्कल पाहिली. सरपंचाची सही आहे, गोल शिक्का आहे, फक्त खांब ग्रामपंचायतीचे नाहीत, वीज कंपनीचे आहेत. दिव्यांचं बिल भरलं म्हणून खांब मालकीचा होत नाही. त्यामुळे रेडिओ का काढले, यावर वाद घालू नका. तुमचा क्लॅम्प ऐन पावसात वर चढणाऱ्या लाइनमनच्या पायात येतो, हेही ध्यानात घ्या.

लायसन्सचं म्हणाल, तर सूट लहरींना आहे, पैसे घेऊन नेट विकायला नाही. तो अधिकार मूळ इंटरनेट कंपनीच्या परवान्यातून येतो. तुमचा करार नीट नसेल तर दूरसंचार कायदा, 2023 चं कलम 42 लागू शकतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार आजच शोधून ठेवा.

खरी भानगड वायरची आहे. रेडिओमागे दहा वॅट धरले तर सहांचे महिन्याला जेमतेम 43 युनिट होतात. पण वीज कायदा, 2003 चं कलम 135 युनिट मोजत बसत नाही, नियत बघतं. त्यातला शब्द 'बेइमानीने' असा आहे. वायर मीटरच्या आधी जोडली असेल, तर ती वीज कुणाच्याच बिलात आली नाही आणि तुमची बाजू लंगडी पडते. मीटरनंतर जोडली असेल, तर ती ग्रामपंचायतीच्या बिलात आली. मग हा चोरीचा नव्हे, कलम 126 चा अनधिकृत वापर आहे, असं मांडता येतं. त्यात दुप्पट दराने आकारणी होते, फौजदारी नाही. खांबासाठी निरुपयोगी ठरलेला तो ठराव इथे मात्र कामी येतो : लपवाछपवी नव्हती, हे तो दाखवतो.

आकारणीची नोटीस आली तर लेखी हरकत घ्या. अंतिम आदेशावर कलम 127 खाली 30 दिवसांत अपील होतं, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. 'साहेब, तडजोड करून टाकू' असं कुणी म्हणालं तर घाईने सही करू नका. कलम 152 ची तडजोड, म्हणजे पैसे भरून चोरीचा गुन्हा मिटवणं, माणसाला एकदाच मिळते.

पुढे खांब हवेच असतील तर अर्ज मूळ कंपनीने करावा, तुम्ही नव्हे. तोवर ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर जीआय पाइप उभारा. तिथे तुमचा ठराव चालतो. वीज मात्र स्वतःच्या व्यावसायिक मीटरची घ्या.

उद्या पहिलं काम म्हणजे पंचनाम्याची नक्कल मागा आणि वायर मीटरच्या आधी जोडली होती की नंतर, याबद्दल त्यात काय लिहिलंय ते मला कळवा.