वाचक विचारतात : नळदुर्गची फौज आणि बगदादची फौज

गेल्या अंकात, अमेरिकेनं 2003 ला इराकचे सत्ताधीश सद्दाम हुसेन यांना हटवायला केलेल्या युद्धावर टीका केली, तर नेहमीपेक्षा पत्रं जास्त आली. काही रागाची, काही खरोखर विचारात पाडणारी. त्यातली तीन इथं घेतो.

प्रश्न : सर, तुम्ही अमेरिकेला चांगलंच झोडपलंत. पण 1948 ला आपल्याकडं भारताची फौज आली नसती तर आपण निजामाच्या राज्यातच राहिलो असतो. ती फौज मुक्तिदाती आणि सद्दामला हटवणारी आक्रमक, हे कसं?
— एक वाचक, उमरगा

उत्तर : नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंत. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेली फौज पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली आणि पुढं तुमच्याच रस्त्यानं हैदराबादकडं गेली. आमचं घर त्याआधीच कळंबहून हद्दीपलीकडं बार्शीला गेलं होतं. बैलगाडीत वैरणीखाली पितळी भांडी, आणि आजीनं हट्टानं चढवलेलं जातं. बैल दमले तरी तिनं ते उतरवू दिलं नाही. निजामाच्या बाजूनं लोकांवर जुलूम करणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा. त्यामुळं जुलमी सत्ता म्हणजे काय हे मला कुणी अमेरिकन सेनापतीनं शिकवायची गरज नाही.

पण फौज येण्याआधी दहा वर्षं इथं काय चाललं होतं ते पाहा. 1938 चा सत्याग्रह, उस्मानिया विद्यापीठातून वंदे मातरम्‌साठी काढून टाकलेली पोरं, तुरुंगात बसलेले लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, सरहद्दीवरचे लढवय्यांचे कॅम्प. लढा इथल्या माणसांनी उभा केला होता, फौज शेवटी आली. आणि तीन वर्षं उलटतात न उलटतात तोच, 1952 ला, त्याच माणसांनी मतदान करून आपलं सरकार निवडलं.

इराकचं काय झालं? डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकेचे दूत म्हणून रम्सफेल्ड (2003 च्या युद्धावेळचे संरक्षणमंत्री) बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करून आले. मार्च 1988 मध्ये सद्दामनं हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला, तेव्हा वॉशिंग्टनला त्याची दोस्ती काही जड झाली नाही. तोच सद्दाम 2003 ला अचानक जगाचा शत्रू ठरला. 5 फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, सद्दामकडं जंतूंची शस्त्रं आहेत हे पटवायला, एक छोटी कुपी हातात धरून दाखवली, आणि पुढच्या महिन्यात बॉम्ब पडायला लागले. सांगितलेले त्या शस्त्रांचे साठे निघालेच नाहीत. अमेरिकेच्याच तपास पथकानं 2004 ला तसं लिहून दिलं. मे 2003 मध्ये तिथला अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यानं एका हुकमानं इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं बंदुकीसकट बेकार! पुढं काय होणार हे आपल्या कुठल्याही तालुक्याच्या फौजदारानं सांगितलं असतं. लाखाच्या वर सामान्य इराकी माणसं मेली. कुपी दाखवणाऱ्यांपैकी कुणी कुठल्या कोर्टात उभं राहिलं का?

आणि जुलमी राजवटी हटवणं हेच धोरण असेल, तर 1953 ला इराणमध्ये मोसादेघ यांना का हटवलं? ते तर लोकशाही मार्गानं आलेले पंतप्रधान. ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल त्यांनी देशाच्या मालकीचं केलं, एवढाच गुन्हा. अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए हिनं आपला हात असल्याचं 2013 मध्ये स्वतःच्याच कागदपत्रांत कबूल केलं.

आता आपल्याही घरातली गोष्ट बोलू, नाहीतर मी सोयीचा इतिहास सांगतो असं तुम्ही म्हणाल. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे 1948 च्या त्याच लष्करी कारवाईनंतर, मराठवाड्यात मुसलमानांच्या वस्त्यांवर जे झालं, ते आपण 17 सप्टेंबरच्या भाषणात बोलत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला. ज्या फौजेच्या येण्यानं आमची बैलगाडी बार्शीहून परत आली, तिच्या मागून हेही आलं. कारण न्याय्य असताना एवढं होतं, तर खोट्या कारणानं हजारो मैलांवरून आलेल्या फौजेकडून तुम्ही कसली अपेक्षा करता?

प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळात मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. तेव्हा अमेरिकेची मिलो खाऊन जगलो. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?
— एक आजीबाई, केज

उत्तर : ताई, मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी मीही खाल्ली आहे. लालभडक, थापताना काठाला चिरा पडायच्या, तव्यावर टाकेपर्यंत निम्मी मोडलेली. आमच्या म्हशीनंही तोंड फिरवलं होतं, पण माणसाला तोंड फिरवायची सोय नव्हती. पोटात पडलं ते पडलं, ते मी नाकारत नाही.

पण साठच्या दशकात अमेरिकेच्या पीएल-480 या धान्य-मदतीच्या कायद्याखाली जो गहू यायचा, तो फुकट नव्हता. त्याचे पैसे आपण रुपयांत मोजत होतो आणि अमेरिकेचं शिलकी धान्यही त्यातून खपत होतं. (गाजर गवत त्याच गव्हातून आलं म्हणतात, ते वेगळंच.) 1966 ला बिहारात दुष्काळ, आणि इंदिरा गांधींचं सरकार व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा म्हणत होतं. तेव्हा अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं स्वतः अडवून थोडी थोडी सोडत होते. भारतानं शेतीचं धोरण बदलावं हे एक कारण, आणि व्हिएतनामवर तोंड बंद ठेवावं हे दुसरं. भुकेल्याच्या ताटाला दोरी बांधून ती आपल्या हातात ठेवणं, याला मी मीठ म्हणत नाही. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेश युद्धात याच देशानं पाकिस्तानच्या बाजूनं एंटरप्राइज ही युद्धनौका बंगालच्या उपसागरात धाडली, तेही ढाक्यातल्या त्यांच्याच वकिलातीनं पाकिस्तानी फौजेच्या कत्तलीच्या तारा पाठवून झाल्यावर.

उपकार मानायचेच असतील तर कॅन्ससमध्ये ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे माना. त्याला व्हिएतनाम कुठं आहे हे पोराला सैन्यात बोलावणं आलं तेव्हा कळलं असेल.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला नोकरीला आहे. तुमचं सदर वाचून म्हणाला, हे लोक अमेरिकाद्वेष्टे. त्याला काय सांगू?
— एक वडील, परभणी

उत्तर : त्याला अमेरिकेच्याच माणसांची नावं सांगा. युद्धसामग्रीचे कारखाने आणि लष्कर यांच्या वाढत्या युतीपासून सावध राहा, हे 17 जानेवारी 1961 ला आयझेनहॉवर बोलले. दुसऱ्या महायुद्धातले सरसेनापती, आठ वर्षं अध्यक्ष. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं 1971 मध्ये वर्तमानपत्रांना दिली डॅनियल एल्सबर्ग यांनी, तेही संरक्षण खात्यात काम केलेले.

आणि अमेरिकेच्या संसदेतल्या खासदार बार्बरा ली. 14 सप्टेंबर 2001 ला, न्यूयॉर्कचे मनोरे पडून तीनच दिवस झाले होते. अध्यक्षाला बळ वापरायची मुभा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात आला आणि 420 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. ते एक मत बाईंचं. त्याच ठरावाच्या आधारावर अमेरिकेनं पुढं अफगाणिस्तानाबाहेर कितीतरी देशांत बॉम्ब टाकले. बाईंना जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पण मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, आणि 2025 मध्ये त्या ओकलंडच्या महापौर झाल्या. त्यांना द्वेष्टं म्हणायचं का, ते तुमच्या चिरंजीवांनी तिथल्याच एखाद्या शेजाऱ्याला विचारावं.