एसी हलवला की गॅस जातोच का?

प्रश्न : आम्ही ठाण्याहून डोंबिवलीला घर बदलतोय. दीड टनाचा स्प्लिट एसी उत्तम थंड करतो. पण काढायला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, गॅस जाणारच, तिकडे नवीन भरावा लागेल." हे खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, गॅस जात नाही, घालवला जातो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, आतल्या आत फिरत असतो. काढताना तो आउटडोअरमध्ये, म्हणजे बाहेरच्या युनिटमध्ये, कोंडून ठेवता येतो आणि त्यासाठीच तिथे दोन पितळी सर्व्हिस व्हॉल्व्ह दिलेले असतात. तांब्याचे पाइप येऊन जोडले जातात तिथे बघा. बारीक पाइपवरचा साधा असतो. जाड पाइपवरच्याला बाजूला आणखी एक तोंड असतं, तिथे गेजची, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरची, नळी लागते. टोपी काढली की आत ॲलन कीची (सहा कोनी चावीची) खाच दिसते.

या कामाला आम्ही पंप डाऊन म्हणतो. एसी कूलिंगवर चालू ठेवून गेज लावायचा आणि बारीक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा. कॉम्प्रेसर पाइपातला नि इनडोअरमधला गॅस ओढून घेतो, काटा उतरायला लागतो. तो शून्याजवळ आला की जाड व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मेन स्विच बंद. दोन-चार मिनिटांचा खेळ! पण गेजशिवाय, नुसत्या आवाजाच्या अंदाजाने करणाऱ्याला मी हात लावू देणार नाही. एखादा जोड सैल असेल आणि कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर हवा आत शिरते. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून घरी स्वतः करून बघू नका.

नव्या घरी भावताव करण्याआधी विचारा, "व्हॅक्यूम पंप आणलाय का?" हा पंप पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढतो. त्याऐवजी बरेच जण थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलतात. त्याने ओलावा आतच राहतो, शिवाय हल्लीचा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. आधी व्हॅक्यूम मारायचा, काटा टिकतो का बघायचं, मगच व्हॉल्व्ह उघडायचे. पाइप पहिल्यापेक्षा बराच लांब टाकला असेल, तर थोडा गॅस घालणं रास्त आहे. तोही वजनकाट्यावर मोजून.

राहिल्या टोप्या. काम झालं की त्या गच्चीच्या कठड्यावर नाहीतर मेकॅनिकच्या खिशात राहतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात "गॅस कमी झालाय" ऐकावं लागतं. गेजच्या तोंडातल्या पिनेतून किंवा व्हॉल्व्हच्या दांड्याशी बारीक गळती झाली, तर ती अडवायला टोपीच असते. उघड्या तोंडाशी साबणाचा फेस लावून बघा, गळती असेल तर बुडबुडा येईल. दोन व्हॉल्व्हच्या दोन आणि त्या तोंडाची एक, अशा तिन्ही टोप्या पान्याने आवळल्यात ना, हे बघूनच पैसे द्या.