मुलीला कुल्लूच्या शाली विणायच्यात, जाऊ देऊ का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, रागावू नका. बारावी कॉमर्सची मुलगी मनालीच्या ट्रिपला जाते काय, कुल्लूजवळ एका बाईंना मागावर बसलेलं बघते काय आणि घरी येऊन सांगते की मला सीए नको, ही कला वाचवायची आहे. आणि तुम्ही विचारताय की हे वेड आहे की करिअर. अजून दोन्ही नाहीये.

ते "वाचवायचं" तेवढं डोक्यातून काढायला सांगा तिला. कुल्लूच्या बायका हात जोडून कुणाची वाट बघत बसलेल्या नाहीत. तिथल्या भुट्टी गावातल्या विणकरांची सोसायटी 1944 सालची आहे, आज तिची स्वतःची दुकानं आहेत, शालीला जीआय टॅगसुद्धा आहे, म्हणजे ती त्याच भागाची असल्याची सरकारी नोंद. अडचण वेगळीच आहे. त्या शालीच्या काठावरची रंगीत नक्षी बाणा (आडवा धागा) टाकताना बोटांनी एकेक रंगाचा धागा अडकवून भरतात, साधी शाल लवकर होते पण भरगच्च नक्षीची असेल तर महिना-दीड महिनाही जातो, आणि बाजारात तिच्याच शेजारी लुधियाना-अमृतसरच्या पॉवरलूमची तशीच दिसणारी शाल पाव किमतीत पडलेली असते, टुरिस्टला फरक कळत नाही. 1985 चा कायदा आहे बरं का हातमागासाठी ठराविक वस्तू राखून ठेवणारा, शाल त्यात येते, पण दुकानात उभं राहून कोण तपासतंय! मग विणकराची मुलं हॉटेलात नाहीतर टॅक्सीवर जातात, त्यांना दोष कसा देणार. (आपणही सत्काराला शाल-श्रीफळ देतो, त्यातली हातमागाची किती असते ते आठवून बघा.)

म्हणजे तिथे विणणारे हात आहेत, आणि त्यांच्याशी वेगात तुमची लेक दहा वर्षांनीही बरोबरी करेल असं मला वाटत नाही, विणून पोट भरायचं म्हटलं तर अवघडच. कमी आहे ती मधल्या माणसांची. नवीन डिझाईन करणारं, लोकर कळणारं, कॉस्टिंग नीट लावून विणकराच्या हातात किती पडतात ते बघणारं, ऑनलाइन विकणारं कुणीतरी. आणि गंमत म्हणजे कॉस्टिंग तर कॉमर्सवालीलाच जमेल की, म्हणून बारावी सोडू देऊ नका, अजिबात नाही.

पुढे टेक्सटाईल डिझाईनचा बी.डेस, म्हणजे डिझाईनची पदवी, करता येतो, एनआयडी आणि निफ्ट या सरकारी डिझाईन संस्था, दोन्हीकडे कॉमर्सची मुलं चालतात, एंट्रन्स मात्र द्यावी लागते. निफ्टचं एक कॅम्पस हिमाचलातच कांगड्याला आहे, आणि निफ्टची मुलं कारागिरांच्या गावात राहून कामही करतात. फी लाखांत जाते हे आत्ताच सांगून ठेवते, स्कॉलरशिप-लोनचं आधी बघा. फॉर्म साधारण बोर्डाच्या पेपरांआधीच सुटतात तेव्हा वेबसाईट बघत रहा आणि दोन्हीकडचे भरून ठेवा.

पण प्रवेश घेण्याआधी एक करा. तुम्ही सांगलीच्या, जत-सांगोल्याकडे घोंगडी विणणारे सनगर अजून आहेत, थोडे राहिलेत पण आहेत, खड्डा माग, पाय खड्ड्यात सोडून बसायचं, मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ. बोर्डाचे पेपर झाले की तिला महिनाभर तिथे रोज जाऊ दे, फुकट नाही हं, शिकवणाऱ्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. फोटो काढायचे नाहीत, रील तर नाहीच. ताणा (उभे धागे) लावायला शिकायचं, धागा तुटला की गाठ मारायची, कंबर दुखेपर्यंत धोटा (आडवा धागा नेणारी नळी) फेकायचा, आणि वहीत रोज लिहायचं की लोकर कितीची, दिवस किती गेले, घोंगडी कितीला गेली.

आठव्या दिवशी घरी बसली तर सीएचा क्लास आहेच. महिना काढला तर ती वही घेऊन दोघी माझ्याकडे या, मग निफ्ट की एनआयडी ते बोलू.

आणि हो, तुम्ही मनालीहून आणलेली शाल, पाचशेची म्हणालात ना, ती हातमागाची नाहीये ताई.